पन्नास पैशांचे अप्पा

दिल्लीहून आलेला खाकी लिफाफा निवृत्ती मस्के यानं तीन दिवस आपल्या झोळीत ठेवला आणि चौथ्या दिवशी परत लावून दिला. सव्वीस वर्षं तो कवठाळीत पोस्टमन होता. पुरात, उन्हात, एकदा तर अंगात ताप असताना त्यानं बटवडा केला होता. कुणाचं साधं पोस्टकार्डसुद्धा त्याच्या हातून इकडचं तिकडं झालेलं नव्हतं.

लिफाफ्यावर टंकलेलं होतं : श्रीमती रुद्राणी सिद्रामप्पा बिडवे, मु. पो. कवठाळी, ता. उदगीर, जि. लातूर. नवा जिल्हा होऊन आठ महिने झाले होते, तरी निम्मं टपाल अजून 'जि. उस्मानाबाद' असंच यायचं. दिल्लीच्या साहेबानं मात्र पहिल्याच खेपेला बरोबर लिहिलं होतं. निवृत्तीला त्याचासुद्धा राग आला.

रुद्राणीबाई गावात राहत नव्हती हे खरं. नवरा वारल्यावर ती लेकीकडं नांदेडला गेली, त्याला नऊ वर्षं झाली. पण तिचा तिथला पत्ता निवृत्तीला तोंडपाठ होता. तिच्या नावाची पत्रं वर्षातून दोनचारदा तोच तिकडं वळती करायचा. जुना पत्ता खोडायचा, नवा लिहायचा, एवढंच काम. त्याऐवजी त्यानं लाल शाईनं लिहिलं, 'पत्ता न ठेवता गाव सोडून गेल्या. परत.' खाली कुणालाच वाचता येणार नाही अशी एक रेघोटी ओढली आणि लिफाफा थैलीत टाकला.

आत काय आहे ते त्याला न उघडता ठाऊक होतं. महिन्यापूर्वीच लातूरच्या पेपरात आलं होतं. थोर नास्तिक समाजसुधारक सिद्रामप्पा बिडवे यांच्या दहाव्या स्मृतिदिनाला त्यांचं टपाल तिकीट निघणार, नव्या जिल्ह्यातला पहिला माणूस तिकिटावर येणार. आता दिल्ली घरच्यांकडं फोटो मागणार, संमती मागणार, माहिती मागणार. उत्तर गेलं नाही तर कागद तिथंच बसणार.

बसू दे, असं निवृत्तीला वाटलं होतं.

सिद्रामप्पाला सारं गाव अप्पा म्हणायचं. बिडव्यांची उदगीरच्या मोंढ्यात आडत होती, घर लिंगायत मठाला लागून. अप्पा शाळामास्तर झाला आणि तिशीत असताना एक दिवस मठात जाऊन त्यानं गळ्यातलं लिंग काढून स्वामींच्या पुढ्यात ठेवलं. "हे तुमचं तुमच्यापाशी ठेवा," म्हणाला, "मला याचा उपयोग न्हाई." त्या दिवसापासून जातीनं त्याला वाळीत टाकलं, भावांनी वेगळं काढलं. पण नाव झालं. लातूरपासून हिमायतनगरपर्यंत लोक सांगायचे, असा एक मास्तर आहे, देव मानत नाही, अंगात आलेल्या बाईला घरात नेऊन शांतपणे विचारतो, बाई, तुला सासरी त्रास आहे का? आणि निवृत्ती पुढं जोडायचा, मग संध्याकाळी आमच्या वाड्यात येऊन मांडी घालून जेवतो.

हा 'आमचा वाडा' म्हणजे निवृत्तीचा बौद्धवाडा, आणि ते जेवण म्हणजे निवृत्तीची बायको कोंडाबाई हिच्या हातची ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी. अठरा वर्षं दोघं बरोबर फिरले. अप्पाच्या सायकलवर निवृत्ती डबलसीट. सभेच्या सतरंज्या निवृत्तीनं अंथरायच्या, बोलायचं अप्पानं. "मला सिद्राम म्हण," असं अप्पा शंभरदा म्हणाला असेल. निवृत्तीच्या जिभेवर ते नाव कधी चढलं नाही.

हेवा तेव्हापासूनचा होता, पण तेव्हा तो लहान होता. अप्पानं देव सोडला तर बातमी झाली. निवृत्तीनं छप्पन साली धम्म घेतला, घरातले सगळे देव टोपल्यात भरून नदीत सोडले, त्याला कुणी सुधारक म्हणालं नाही. अप्पानं बौद्धाच्या घरी भाकर खाल्ली, त्याचं कौतुक. भाकर खाऊ घातली त्याचं कुणाला काय? उच्च जातीचा माणूस एक पायरी खाली उतरला की जग टाळ्या वाजवतं. जो जन्मभर खालीच उभा, तो कुठं उतरणार? हे निवृत्ती कुणापाशी बोलला नव्हता. सायकलीच्या मागच्या कॅरिअरवर बसून तो ते मनातल्या मनात बोलायचा.

आणि मग बहात्तरचा दुष्काळ आला.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात वाड्यातला आड कोरडा ठाक पडला. दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायची, रेशनवरच्या परदेशी मिलो ज्वारीची तांबडी भाकर खायची आणि पाण्यासाठी दीड कोस जायचं. गावात पाणी होतं फक्त मठाच्या बारवेत. तिला कमानी होत्या, दगडी पायऱ्या होत्या आणि बौद्धांना बंदी होती. अप्पानं जाहीर केलं : अमक्या तारखेला सकाळी नऊ वाजता वाड्यातली माणसं बारवेत उतरणार, सगळ्यांच्या पुढं मी राहणार.

नऊ वाजले. वाड्यातले तीस-पस्तीस जण बारवेपाशी उभे. समोर गावातली पोरं आणि बाप्ये, हातात दगड. अप्पाचा पत्ता नाही. साडेनऊ झाले. कुणीतरी हसलं, "आला का रे तुमचा मास्तर?" बाया माघारी वळायला लागल्या. तेव्हा निवृत्तीनं घागर उचलली आणि तो एकटा खाली उतरला. पहिला दगड पाठीत बसला, दुसरा डाव्या कानावर. पाण्यात त्यानं घागर बुडवली तेव्हा पाणी तांबडं झालेलं त्याला दिसलं. तो भरली घागर घेऊन वर आला आणि मग त्याच्या मागून बाया उतरल्या. तोवर दगड थांबले होते. एवढं रक्त बघून मारणारेच घाबरले होते.

अप्पा आला साडेअकराला. निवृत्ती तेव्हा कानाला हळदीचा फडका बांधून घरी पडला होता. अप्पाबरोबरच लातूरहून एका साप्ताहिकाचा माणूस कॅमेरा घेऊन पोचला. त्यानं फोटो काढला : बारवेच्या पायरीवर अप्पा, डोक्यावर घागर, भोवती वाड्यातली माणसं. तो फोटो सगळीकडं छापून आला. बारव खुली करणारा मास्तर.

"उशीर का झाला?" असं निवृत्तीनं त्याला एकदाच विचारलं होतं.

"झाला," अप्पा म्हणाला होता. एवढंच.

पुढच्या माघात अप्पा काविळीनं गेला. निवृत्तीनं खांदा दिला. रडलाही. पण तो 'झाला' त्याच्या मनात राहिला. भ्याला, असं त्यानं ठरवून टाकलं. दगड थांबेस्तोवर घरात बसून राहिला आणि फोटोच्या वेळेला आला. डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं ते नव्हतंच. कुणी अप्पाचं नाव घेतलं की निवृत्ती तो कान चोळायचा. मनात म्हणायचा, मला माहीत हाय तुमचा अप्पा. त्या एका गोष्टीवर त्याचं बरं चाललं होतं.

* * *

आषाढ लागला तरी पाऊस नव्हता. मागल्या सालीही पावसानं अर्ध्यातच पाठ फिरवली होती. गावात पुन्हा टँकर यायला लागला होता. अशात एका सकाळी पोस्टाच्या दारात जीप थांबली. गुरुपादप्पा उतरला. तो लातूरला भुसारीचा मोठा व्यापारी, मूळचा कवठाळीचाच, आणि आता स्मारक समितीचा अध्यक्ष. बारवेवर त्या दिवशी हातात दगड घेऊन उभ्या राहिलेल्या घोळक्यात तो होता. निवृत्तीला पक्कं आठवत होतं. दगड मारला की नाही ते मात्र आठवत नव्हतं.

"निवृत्ती, हे बघ," गुरुपादप्पानं पिशवीतून तोच खाकी लिफाफा काढला. "दिल्लीनं समितीला परत पाठवला. म्हणे घरच्यांचा पत्ता नाही. हे कुणी लिहिलं तुझ्या पोस्टात?"

निवृत्तीनं आपलं अक्षर बघितलं. लाल शाई जराही फिकी झाली नव्हती.

"बदलीचा माणूस हुता," तो म्हणाला. "मी रजेवर हुतो."

"गाढव! अरे, महिन्याभरात उत्तर नाही गेलं तर तिकीट रद्द. जिल्ह्याची अब्रू जाईल. कलेक्टर साहेबांना मी शब्द दिलाय." गुरुपादप्पानं लिफाफ्यासकट सगळे कागद त्याच्या हातात कोंबले. "तू जा नांदेडला. तुझं ऐकेल ती. अप्पाचा उजवा हात होतास तू. सही आण, चांगला फोटो आण आणि दोनशे शब्दांत माहिती लिहून आण. तिकिटाबरोबर पत्रक छापतात, त्यात ती जाते."

उजवा हात. निवृत्तीनं कागद आपल्या पिशवीत घातले. त्यानं दोन दिवसांची रजा टाकली.

उदगीरहून नांदेडची गाडी कंधारवरून जाते. वाटेत सगळी रानं उघडी पडलेली. पेरलेलं उगवून करपलेलं. खिडकीत बसून निवृत्ती विचार करत होता, हा लिफाफा पुलावरून खाली टाकला तर? सही मिळाली नाही म्हणून सांगितलं तर? कंधारला गाडी अर्धा तास थांबली. त्यानं चहा घेतला आणि लिफाफा फाडायला हातात घेतला. कसा कुणास ठाऊक, तो फाडता येईना. सव्वीस वर्षांत हातांनाच ती सवय नव्हती.

* * *

रुद्राणीबाईची लेक शिवकांता नर्स होती. वजिराबादच्या मागं तिला दोन खोल्यांचं बिऱ्हाड होतं. दार रुद्राणीबाईनंच उघडलं. साठीची बारकीशी बाई, केस पिकलेले, नजर मात्र पहिल्यासारखीच धारदार.

"निवृत्तीभाऊ? कुंदरी, बसा," ती सवयीनं कानडी आणि मराठी दोन्ही भाषांत म्हणाली. पाणी आणलं, चहा टाकला. कोंडाबाईची विचारपूस केली. मग समोर बसून म्हणाली, "तिकिटाचं घेऊन आलात ना? मला नको ते."

निवृत्ती चमकला. "नको म्हंजे?"

"नको म्हणजे नको. जन्मभर घरात कधी सापडला नाही तो माणूस. आता पाकिटाला चिकटून सगळ्या देशाच्या घरात जाणार. ज्याला त्याला दिसणार. माझ्या वाट्याला काय आलं होतं? सायकलीचा आवाज. गेला की आला, तेवढं कळायचं."

निवृत्तीला बरं वाटायला पाहिजे होतं. आपण केलं तेच ही करते आहे. उठावं, 'बाई न्हाई म्हणाल्या' असं गुरुपादप्पाला सांगावं, सुटलं. पण रुद्राणीबाई पुढं म्हणाली, "आणि मला एक सांगा, दिल्लीचं पत्र माझ्यापर्यंत आलं कसं नाही? शिवकांतानं पेपरात वाचलं तेव्हापासून वाट बघत होते. आलं असतं तर फाडून टाकायचं होतं. पण येऊन तर पाहिजे होतं."

निवृत्तीनं लिफाफा पिशवीतून काढून तिच्यापुढं ठेवला. तिनं चष्मा लावला. लाल अक्षरं वाचली. मग निवृत्तीकडं बघितलं. त्यानं वळती केलेली पत्रं नऊ वर्षं तिच्या दारात येत होती. अक्षर तिच्या ओळखीचं होतं.

"तुम्ही?"

"हाव."

"का?"

"जळलो, वैनी," तो म्हणाला. "दुसरं काय? कान माझा फुटला आन् तिकीट अप्पाचं. ते आले साडेअकराला. घरात बसले हुते तोवर, दगड थांबायची वाट बघत."

तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला नाही.

"असं वाटतं तुम्हाला?"

"इतकी सालं हेच वाटलंय."

"कडी मी घातली होती," ती म्हणाली. "बाहेरून. ते आत कपडे करत होते तेव्हा. म्हटलं, आज हा गेला तर मेलाच. अडीच तास ते दार वाजवत होते. आधी ओरडले. मग विनवण्या करायला लागले. रुद्राणी, निवृत्ती एकटा आहे तिथं. रुद्राणी, निवृत्तीला मारतील. तुमचंच नाव. एकदाही माझं दुखणं विचारलं नाही की बाई, तू का घातलीस कडी. निवृत्ती, निवृत्ती."

तिनं लिफाफा बाजूला सारला.

"तुम्ही माझ्या नवऱ्यावर जळलात ना? मी तुमच्यावर जळले. तुमच्यावर आणि त्या कोंडाबाईवर. माझ्या हातचं जेवताना कधी 'बरं झालंय' म्हणाले नाहीत. आणि घरी येऊन मलाच सांगायचे, अंबाडीची भाजी खावी तर कोंडाबाईच्या हातची. त्यांना सोबत म्हणजे तुम्ही. मी म्हणजे घर. त्या दिवशी कडी घालताना भीती होती, खोटं नाही सांगत. पण नुसती भीती नव्हती. एक दिवस तरी हा माणूस माझ्या कडीच्या आत राहू दे, असंही होतं."

"ते मला बोलले न्हाईत कधी."

"कुणालाच बोलले नाहीत. गाव भित्रा म्हणेल, ते चाललं त्यांना. बायकोनं कोंडलं होतं, हे सांगितलं नाही. माझी लाज राखली. मला तेही सोसवलं नाही, निवृत्तीभाऊ. चांगल्या माणसाबरोबर राहणं लई अवघड असतं."

निवृत्तीला काय वाटलं ते त्याला नीट सांगता आलं नसतं. अप्पा भ्याला नव्हता. दार वाजवत होता, त्याचं नाव घेत होता. हे ऐकून माणसाला हलकं वाटावं. निवृत्तीला तसं झालं नाही. दहा वर्षं त्यानं एक गोष्ट जपून ठेवली होती, रोज घासून पुसून. अप्पा मोठा असेल, पण त्या दिवशी भ्याला, आणि मी उतरलो. आता तीही गेली. अप्पा आणखीनच मोठा झाला आणि वर जळायला काही कारणही उरलं नाही. तरी जळणं होतं तसंच होतं. उलट वाढलं. मेलेल्या माणसानं एवढं तरी आपल्याकडं ठेवायला हवं होतं, असं त्याला वाटलं, आणि असं वाटल्याची लाज वाटली.

तो म्हणाला, "वैनी, सही करा."

"आता तुम्हीच म्हणता?"

"हाव. न्हाई केली तर मी जन्मभर म्हनन, माझ्यामुळं ऱ्हायलं. ते वझं मला नको."

ती उठली. ट्रंकेतून शाळेच्या निरोपसमारंभाचा फोटो काढून आणला. खुर्चीवर बसलेला अप्पा, चष्मा, विस्कटलेले केस, कपाळ कोरं. मग तिनं कागदावर सही केली.

"माहिती तुम्ही लिहा," ती म्हणाली. "बारवेचं खरं लिहा. तुमचं नाव घाला. माझी कडीसुद्धा घाला हवं तर."

निवृत्तीनं तिथंच खिडकीत बसून लिहिलं. तीन कागद फाडले. चौथ्यावर जमलं. कडी त्यानं लिहिली नाही. बारवेबद्दल लिहिलं ते असं : 'दि. १४ मे १९७३ रोजी कवठाळी येथील बारवेत प्रथम निवृत्ती मस्के हे उतरले व दगडांचा मार खाऊन त्यांनी पाणी आणले. त्यांच्या मागून स्त्रिया उतरल्या. नंतर सिद्रामप्पा यांनी तेथे घागर भरून बारव सर्वांना खुली केली.' आपलं नाव लिहिताना त्याचे कान गरम झाले. दोनदा वाचलं. दोन्ही वेळा आपल्याच नावावर नजर थांबली.

* * *

तिकीट माघात निघालं. लातूरला मोठा मांडव, कलेक्टर, मुंबईहून आलेले टपाल खात्याचे साहेब. मंचाच्या मागं तिकीट मोठं करून टांगलेलं : निळसर रंगात अप्पाचा चेहरा, खाली नाव, कोपऱ्यात पन्नास. रुद्राणीबाई तब्येतीचं कारण सांगून आली नाही. शिवकांता मंचावर बसली होती. निवृत्ती आणि कोंडाबाई चौदाव्या रांगेत बसले. कोंडाबाई पांढरं लुगडं नेसली होती आणि त्या चेहऱ्याकडं टक लावून बघत होती.

"हुबेहूब हायेत बगा अप्पा," ती म्हणाली. "आत्ता म्हनतील, कोंडाबाई, भाकर."

निवृत्तीनं तिच्याकडं बघितलं नाही. गुरुपादप्पा भाषण करत होता. त्या ऐतिहासिक दिवशी मीही बारवेवर हजर होतो, असं तो म्हणाला. ते खोटं नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बाहेर टेबलावर तिकिटं आणि पत्रकं विकायला होती. निवृत्तीनं रांगेत उभं राहून एक पत्रक घेतलं. घडी उलगडून बोटानं ओळी शोधल्या. सापडल्या. 'दुष्काळात त्यांनी ग्रामस्थांच्या सहकार्याने दलितांसाठी बारव खुली केली.'

एवढंच होतं. त्यानं पत्रकाची मागची बाजू बघितली, पुन्हा पुढची बघितली. कुठंच त्याचं नाव नव्हतं.

गुरुपादप्पा मांडवाच्या दारात हार घालून उभा होता. निवृत्ती त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि पत्रक पुढं धरलं. "ग्रामस्थांच्या सहकार्यानं?" तो म्हणाला. "सहकार्य? दगड कुणी मारले मग?"

गुरुपादप्पानं इकडं तिकडं बघितलं. "अरे, शब्द कमी करावे लागले. दिल्लीचा नियम. आज चांगला दिवस आहे, निवृत्ती. जेवण करून जा."

ते जेवले नाहीत. थेट स्टँडवर आले. उदगीरच्या गाडीत जागा मिळाली. कोंडाबाई त्याच्या उजव्या अंगाला बसली. गाडी गावाबाहेर पडल्यावर ती म्हणाली, "काय लिवलंय त्या कागदात, वाचा की."

त्यानं वाचून दाखवलं. मग कागद चुरगाळून खिशात घातला आणि म्हणाला, "मी असं लिवलं नव्हतं." आणि मग त्यानं आपलं मूळचं लिखाण तिला म्हणून दाखवलं. ते त्याला पाठ होतं. प्रथम निवृत्ती मस्के हे उतरले. दगडांचा मार खाऊन. त्यांच्या मागून स्त्रिया.

कोंडाबाई खिडकीबाहेर बघत होती. "त्या स्त्रिया म्हंजी मी का?" तिनं विचारलं.

"तू आन् बाकीच्या."

"माझं नाव का न्हाई?"

त्याच्या मनातच आलं नव्हतं. नांदेडच्या त्या खिडकीत बसून त्यानं चार कागद लिहिले, तीन फाडले, आणि एकाही कागदावर कोंडाबाई नव्हती.

"दोनशे शब्दच हुते," तो म्हणाला, आणि बोलता बोलताच त्याला कळलं की हे कुणाचं बोलणं आपण बोललो.

कोंडाबाई हसली नाही, रागावलीही नाही. "आन् दुसरं," ती म्हणाली, "पहिले तुमी न्हाई."

"मग कोन?"

"मी. तुमी उतरलात त्याच्या आठ दिस आधी. दोनदा. पोरगी तापानं फणफणली हुती, ध्यानात हाय का? तीन वर्साची. घरात घोटभर पानी नव्हतं आन् तुमी अप्पासंगं कंधारला सभेला गेला हुता. पहाटंचं मी बारवेत उतरले. कुनी नव्हतं. घागर भरली, वर आले, तर मठाच्या दारात पार्वतम्मा. स्वामीची बायको. ती माझ्याकडं बघत ऱ्हायली. मला वाटलं, आता वरडती. तिनं तोंड फिरवलं आन् दार लोटून घेतलं. दुसऱ्या दिशी परत गेले. त्या दिशी दार आधीच लोटलेलं हुतं."

गाडीनं वळण घेतलं. पुढं कुणाचं तरी लेकरू रडत होतं. निवृत्ती बायकोकडं बघत राहिला, जशी काही ती आत्ताच या गाडीत येऊन बसली आहे.

तोच हेवा पुन्हा जागा झाला. ओळखीचा, जुना. अप्पा मोठा होता ते होताच, आता ही घरातली. एक दगड नाही, एक माणूस नाही, सभा नाही, तारीख नाही, आणि ही पहिली. आपण कान फोडून घेतला आणि दुसरे आलो. त्याला रडावंसं वाटलं आणि हसावंसंही वाटलं.

"दहा सालं झाली," तो म्हणाला. "सांगितलं का न्हाईस?"

"तुमाला पहिलं व्हायचं हुतं," कोंडाबाई म्हणाली. "फडका बांधून पडला हुता तुमी. जो यील त्याला सांगत हुता, पहिला मी उतरलो. मी म्हनलं, असू द्या. लई सुकलेलं तोंड हुतं तुमचं, त्या दिशी कुटं जरा फुललं."

चाकूर गेलं, मग अहमदपूरचा फाटा गेला. कोंडाबाईनं पिशवीतून भाकरीचं फडकं काढलं, अर्धी त्याच्या हातात दिली. त्यानं घेतली पण खाल्ली नाही. मनात तो तिला पहाटेच्या अंधुक उजेडात पायऱ्या उतरताना बघायचा प्रयत्न करत होता. तिच्यामागं कुणी नव्हतं, पुढं कुणी नव्हतं, आणि वर आल्यावर कुणाला सांगायचंही नव्हतं.

"भ्यालीस का?" शेवटी त्यानं विचारलं.

"लई."

"किती पायऱ्या उतरलीस? पानी खोल गेलं हुतं तवा."

"मोजल्या न्हाईत," ती घास मोडत म्हणाली. "घागर बुडंस्तोवर."